पाण्यातली हद्द

नागपूरच्या त्या तलावावर काय घडले, याच्या तीन हकिकती सध्या आमच्या नात्यागोत्यात फिरत आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत.

पहिली माझ्या जावयाची. कुठल्याही बारशात, साखरपुड्यात चार माणसे जमली की तो सांगतो, की आमच्या मामाजींना, म्हणजे मला, तलाववाल्यांनी सन्मानाने बोलावून नेले आणि मामाजींनी एका सकाळीत दीर-भावजयीचे भांडण मोजून मिटवले. दुसरी माझ्या धाकट्या भावाची. नागपूर त्याने नकाशातदेखील नीट पाहिलेले नाही, पण तो साताऱ्यात बसून सांगतो, की दादाची छत्तीस वर्षांची हुशारी एका न शिकलेल्या बाईने पाण्यात बुडवली आणि दादा पायात काटा मोडून ओरडत काठावर आला. तिसरी माझ्या मुलीच्या शेजारणींची. त्यांच्या मते त्या बाईच्या अंगात देवी आली होती आणि हद्द देवीने दाखवली.

मी तिथे होतो. या तिघांपैकी फक्त जावई तिथे होता आणि त्यातला निम्मा वेळ तो काठावर फोनवर बोलत होता. तेव्हा जे झाले ते मीच लिहून ठेवतो. ज्याला वाद घालायचा असेल त्याने माझ्याशी समोरासमोर घालावा.

मी भूकरमापक होतो. लोक ज्याला मोजणीवाला म्हणतात तो. साखळी, शंकू, फळी आणि झेंडीच्या काठ्या घेऊन मी अर्धा सातारा जिल्हा पायाखाली घातला आहे. बांधावर उभे राहून शिव्या खाल्ल्या, दोनदा कुऱ्हाड उगारलेली पाहिली, परंतु माझी मोजणी फेरमोजणीत बदलली असे एकदाही झाले नाही. हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याची किंमत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगतो.

दोन श्रावणांपूर्वी मी हुडकेश्वरला मुलीकडे राहायला गेलो. नागपूरविषयी मला लोकांनी जे सांगितले होते ते सगळे उन्हाविषयी होते. पाण्याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. जावयाने पहिल्या दोन दिवसांत मला स्कूटरवर मागे बसवून सक्करदऱ्याचा तलाव दाखवला, मग फुटाळा, मग अंबाझरी, आणि प्रत्येक वेळी मला वाटले की आता संपले. संपत नव्हते. बाजाराच्या गर्दीतून रस्ता वळावा आणि समोर एवढे मोठे आभाळ जमिनीवर उतरलेले असावे, असे पुन्हा पुन्हा होत राहिले. शहरात तळे असते हे मी पाहिले होते. तळ्यांच्या मधल्या जागेत शहर बसवलेले मी त्र्याहत्तराव्या वर्षी प्रथम पाहिले.

हुडकेश्वरच्या पुढे जिथे लेआउट संपतात आणि प्लॉटांचे सिमेंटचे खांब धानाच्या बांध्यांत जाऊन थांबतात, तिथे एक जुना तलाव आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांच्या घरचा प्रश्न मी सांगणार आहे. रोज सकाळी मी तिथवर चालत जाऊ लागलो. जावई म्हणे, "मामाजी, काहून इतक्या दूर जाऊन राहिले? इथं गार्डन आहे ना." गार्डनमध्ये मला रस नव्हता.

पहिल्या सकाळी मला पाण्यावर नुसती डोकी दिसली. काठापासून बऱ्याच अंतरावर पाच-सहा डोकी, आणि प्रत्येकापुढे तरंगणारा हिरव्या वेलींचा भारा. दर काही क्षणांनी एक डोके किंचित एका बाजूला कलायचे, हनुवटीपर्यंत खाली जायचे आणि पुन्हा वर येऊन एक पाऊल पुढे सरकायचे. कोणी बोलत नव्हते. पाण्यावर एवढी शांतता होती की वेल ओढल्याचा आवाज काठावर ऐकू यावा. मी चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो आणि ही माणसे नेमके काय करीत आहेत हे मला अर्धा तास कळले नाही.

काठावर पन्नाशीची एक बाई वेली निवडत बसली होती. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली, अंगाने बारीक, तळपाय असे की चामड्याचे वाटावेत. पुढचे सगळे जिच्याभोवती घडले ती हीच. मी तिला विचारले, हे काय चालले आहे.

"शिंगाड्याची लावणी, काकाजी. वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबाची. हातानं दाबाले गेलं तं दिवसभर डुबक्याच माराव्या लागंन."

उकडलेले काळे शिंगाडे मी गाडीवर विकत घेऊन खाल्ले होते. त्यांच्यामागे माणसाचा अंगठा असतो हे मला माहीत नव्हते. मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. तलाव एक, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे कुटुंबे नऊ. मग कोणाचे पाणी कुठे संपते हे कसे कळते?

"कळते," ती म्हणाली.

"खुणा कुठे आहेत?"

"पाण्यात खुणा कोन राहू देते? जाळं अडकते. खुणा काठावर हायत." तिने वेलीने माखलेला हात उचलून पलीकडे दाखवले. "ते निंबाचं झाड, अन् त्याच्या मांगं टाकी दिसते का? डोंग्यात बसून जावाचं. निंबानं टाकी झाकली, का समजाचं आता दुसऱ्याचं पाणी सुरू झालं. प्रत्येकाची अशीच जोडी हाय. कोनाचं धुराडं, कोनाचा कळस."

वाचकांपैकी कोणाला यात विशेष वाटणार नाही. मला वाटले, आणि किती वाटले ते सांगणे अवघड आहे. दोन खुणा एका रेषेत आणून तिसरा बिंदू ठरवणे, यावर आमचे सगळे खाते उभे आहे. त्यासाठी आम्हाला शिकवावे लागले, परीक्षा घ्याव्या लागल्या, पितळी उपकरणे द्यावी लागली. इथे ना कागद, ना नकाशा, ना साखळी, आणि हलत्या पाण्याच्या पाठीवर नऊ घरांच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी उभ्या. मी तिच्याजवळ दगडावर बसलो आणि एकेका घराची जोडी विचारून घेतली. ती सांगत गेली. शेवटी मी विचारले, "आणि तुमची?"

"माही चिंच अन् कळस." मग पुढची वेल उचलत, "चिंच पडली."

वैशाखातल्या वादळात काठावरची ती जुनी चिंच आडवी झाली होती आणि लाकूड लोकांनी तोडून नेले होते. बुंध्याचा खुंट तेवढा राहिला होता. मागचा टेकडीवरचा देवळाचा कळस जागेवर होता, पण एका खुणेने रेषा होत नाही. चिंचेच्या उत्तरेचे पाणी तिच्या चुलत दिराचे, दक्षिणेचे तिचे. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती, मुली सासरी होत्या, आणि हे जेमतेम छत्तीस हात रुंदीचे पाणी एवढेच तिचे स्वतःचे होते. दीर म्हणत होता, खुंट आहे ना, खुंटावरून धरा. ती म्हणत होती, खुंटावरून धरले तर माझे पाणी कमी होते. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाने दोघांना सांगितले होते, की सोमवारपर्यंत एकमत झाले नाही तर वादाची पट्टी यंदा कोणीच लावायची नाही. तिने वेली उपटून आणल्या होत्या आणि वेली पाण्याबाहेर फार दिवस टिकत नाहीत. लोकांनी फोनमध्ये चिंचेचे जुने फोटो शोधून पाहिले होते. सगळ्या फोटोंत माणसे होती आणि चिंच मागे अर्धवट कापलेली.

मला कोणीही बोलावले नाही. जावयाच्या हकिकतीतले हे पहिले असत्य. मीच म्हणालो, की मी मोजून देतो.

दीर रिक्षा चालवतो आणि हंगामात तलावात उतरतो. पंचेचाळिशीचा, बोलका माणूस. माझे बोलणे ऐकून तो जवळ आला आणि त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "सरकारी का?"

"होतो."

"मंग चालते. वयनी, साहेब जे म्हनन ते मले कबूल. तुले?"

ती खुंटाकडे एकदा पाहून म्हणाली, "कबूल."

तो शब्द तिने दिला होता आणि मी ऐकला होता. पुढचे सगळे या एका शब्दामुळे कठीण झाले.

रविवारी सकाळी जावयाला बरोबर घेऊन मी गेलो. उंच बांबू मिळाले. मी खुंटाच्या मध्यावर पहिला बांबू उभा केला, मागे सरकून कळसाशी जुळवला, आणि दिराला डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, पाण्यात पाठवून त्या रेषेवर पुढचे तीन बांबू रोवून घेतले. हाताने खुणा करून डावीकडे, उजवीकडे, थांब. काम देखणे झाले. चारही बांबू आणि कळस एका दोऱ्यात ओवल्यासारखे. दिराने पाण्यातूनच हात जोडले. भावजयीच्या छत्तीस हातांतले बारा हात त्या रेषेने गेले होते.

ती रडली नाही, भांडली नाही. दिलेला शब्द तिने मोडला नाही. खालच्या आवाजात एवढेच म्हणाली, "काकाजी, तुम्ही उभं राहून पाह्यलं."

"मोजणी उभे राहूनच करतात, बाई."

"आम्ही बसून पाहतो."

मला राग आला, हे मी लपवत नाही. मी तिला म्हणालो, की उभे राहा नाहीतर बसा, दोन बिंदूंमधली रेषा बदलत नाही. तेव्हा तिने दुसरा डोंगा ओढला आणि मला म्हणाली, "बसा तं खरं." चार बायका काठावर उभ्या होत्या. मागे हटणे मला शक्य नव्हते. मी बसलो आणि तिने मला पाण्यात पन्नास-साठ हात आत नेले.

तिथून मला खुंट दिसेना. डोंग्यात बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन हात उंच असतो, आणि काठाकाठाने बेशरमीची झुडपे पुरुषभर वाढलेली आहेत. खुंट त्यांच्यामागे संपूर्ण दडला होता. या पाण्यातून चिंचेचा बुंधा कोणी कधी पाहिलाच नव्हता.

"मग तुम्ही काय पाहत होता?"

"जिथून दोन फांद्या फुटे ते. त्या बेचक्यात कळस बसला का माही हद्द." आणि मग ती म्हणाली, "चिंच वाकडी होती ना, काकाजी. भाऊजीच्या आंगावर झुकली होती."

मोजणीच्या पहिल्याच दिवशी आम्हाला एक नियम शिकवला होता: काठीचा तळ पाहा, शेंडा पाहू नका, कारण काठी कललेली असू शकते. छत्तीस वर्षे मी तळ पाहिला. त्याच नियमाने मी इथे झाडाचा तळ पाहिला, आणि ज्या लोकांनी ती हद्द केली त्यांनी मुळी तळ पाहिला नव्हता. चिंचेचे बेचके बुंध्यापासून किती हात उत्तरेला होते, हे आता कोणाला सांगता येणार? झाड जळणात गेले होते.

मी काठावर आल्यावर सर्वांदेखत सांगितले, की माझी रेषा चुकली आहे आणि बरोबर कोणती हे मला ठरवता येत नाही. माझा भाऊ ज्याला बुडणे म्हणतो ते हेच असेल, तर असो. चुकलेली मोजणी रेटून नेणारे मोजणीदार मी पाहिले आहेत. मी त्यांच्यातला नव्हे.

दीर म्हणाला, "मंग साहेब, बरोबर नाही माहीत तं हेच राहू द्या ना."

"काहून राहू देऊ गा?" ती प्रथमच त्याच्याकडे वळून म्हणाली. "थांब जरा. पायाले विचारून येऊ दे."

तिने काष्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. शेजारणींनी जी देवी पाहिली ती या क्षणी आली असावी. मी सांगतो, तिचे डोळे उघडे होते, तिला पूर्ण भान होते, आणि वाटेत तिने जावयाला फोनवर जरा हळू बोला म्हणूनही सुनावले. ती माझ्या दुसऱ्या बांबूपाशी गेली आणि तिथून उत्तरेकडे, दिराच्या बाजूला, एकेक पाऊल सरकू लागली. छातीभर पाणी. पाय न उचलता, चिखलात घासत. मी पावले मोजत होतो. अकराव्या-बाराव्या पावलाला ती थबकली, पाय मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

"इथून काटे," ती म्हणाली.

दीर हसला. "वयनी, काटे तं साऱ्या तलावात हायत."

"तुह्या पाण्यात हायत. माह्या पाण्यात दाखव."

त्याचे हसणे थांबले, आणि का थांबले ते मला काठावरच्या एका बाईने समजावून सांगितले. शिंगाड्याच्या फळाला दोन काटे असतात. तोडायचे राहिलेले फळ बुडते, गर कुजतो, पण काटे चिखलात वर्षानुवर्षे तसेच राहतात. हंगाम संपून पाणी उतरले की या बाईची सासू आपल्या वाट्यातला तळ हाताने चाचपून ती फळे वेचून काढी, आणि सासूमागून हिने एकही वर्ष चुकवले नाही. दिराला रिक्षामुळे तेवढा वेळ कधी झाला नाही. त्याच्या पाण्याच्या तळाशी बापापासूनचे काटे साठलेले होते. हिच्या पाण्याचा तळ स्वच्छ. पाण्यावर रेषा दिसत नव्हती, पण पाण्याखाली ती हाताने आखलेली होती, आणि वाचणारे पाऊल एकच होते.

माझ्यातला मोजणीवाला अजून मानत नव्हता. मी ओरडून म्हणालो, "एका ठिकाणावर काही ठरत नाही. पाच ठिकाणे दाखवा." मला वाटले होते ती चिडेल. ती म्हणाली, "पाच काहून, पन्नास दाखवतो." आणि तलावाच्या आत आत सरकत, दर तीस-चाळीस हातांवर, तिने पाच जागा पायाने शोधल्या. माझ्या तीन बांबूंकडे तिने एकदाही पाहिले नाही. प्रत्येक जागी दिरानेच, तिने सांगितले तिथे, नवा बांबू रोवला. तो लबाडी करील अशी मला शंका होती म्हणून मी डोंग्यात बसून तिथवर गेलो आणि स्वतः उतरून एका जागी पाय घालून पाहिले. काटा मला लागला, हे खरे. मी ओरडलो, हे खोटे. मी फक्त "बरोबर आहे" असे म्हणालो, जरा मोठ्याने.

मग मी शेवटच्या बांबूमागे डोंगा नेला, बसलो, आणि एक डोळा मिटला.

पाच बांबू एकामागे एक असे उभे होते की मला पुढचा एकच दिसत होता. आणि त्या बांबूच्या बरोबर माथ्यावर, टेकडीवर, देवळाचा कळस. एक बोटभरही इकडेतिकडे नाही. कळस तिने पाहिलाच नव्हता. पाच वेळा ती छातीभर पाण्यात तळाकडे मन लावून उभी होती. मी आयुष्यभर रेषा काढल्या आणि एवढी सरळ रेषा आनंदाने कुठेही स्वतःच्या नावावर लावून घेतली असती. किती वेळ मी तसा बसून राहिलो ते मला माहीत नाही. जावई काठावरून हाका मारत होता, "मामाजी, काय होऊन राहिलं? बरं वाटून राहिलं ना?" मला अतिशय बरे वाटत होते.

म्हणून शेजारणींना माझे सांगणे आहे, की देवीला यात आणू नका. चमत्कार म्हटले की मोजणे संपते. ती बाई मोजत होती. तिच्या सासूने मोजले, तिने मोजले, वर्षातून एकदा चिखलात ओणवे होऊन, आणि माझ्या साखळीपेक्षा चांगले. भावालाही सांगतो, की चांगली मोजणी पाहून ज्याला अपमान वाटतो तो मोजणीदारच नव्हे.

दिराने माझे चुकलेले तीन बांबू आपण होऊन उपटले. काठाशी येऊन तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि विडी न पेटवता हातात फिरवत म्हणाला, "साहेब, खोटं नाही बोलत. चिंच माह्या अंगावर झुकली होती ना, लहानपनापासून मले वाटे माहीच हाय. तिच्या चिंचा मीच खाल्ल्या साऱ्या."

"हद्द कबूल?"

"काटे माहे हायत तं काय बोलू."

वेली आणखी एक दिवस थांबणार नव्हत्या, म्हणून लावणी त्याच सकाळी सुरू झाली. त्यांच्यात हद्दीवरची वेल शेजाऱ्याने लावायची असते. ज्याने ती स्वतःच्या अंगठ्याने दाबली, त्याला पुढे ती हद्द नव्हती असे म्हणता येत नाही. कुठल्या दस्तावरच्या कुठल्या सहीला एवढे वजन मी पाहिलेले नाही. दीर पाण्यात उतरला आणि पहिल्या बांबूपाशी जाऊन उभा राहिला. भावजय त्याच्या हातभर अंतरावर, भारा पुढे घेऊन. तिने एक वेल निवडली, तिच्या मुळांची गाठ वळली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती पाण्याखाली सोडली आणि त्याचे डोके एका बाजूला कलले, हनुवटीपर्यंत खाली गेले.

"बसली का गा, भाऊजी?"

"थांब वं. काटे चुकवून राहिलो." मग डोके वर आले. "बसली."

"मांगून म्हनशील नाही बसली."

"बसली म्हनलं ना. बांबू काढ आता, अन् दुसरी दे."

तिने बांबू उपटून पाण्यावर आडवा सोडून दिला आणि दुसरी वेल निवडायला घेतली.